अजून ओल आहे

चुनचुननं तोंड फिरवलं.

रुइचूनं तिला पुन्हा जवळ घेतलं. चार महिन्यांची पोर भुकेनं कासावीस झाली होती, मुठी आवळून आईच्या छातीवर धडका मारत होती. पण ओठ लागले रे लागले, की अंगावर शहारा आल्यासारखी मान मागं टाकायची आणि असा टाहो फोडायची की अंगणातल्या कोंबड्या कुंपणापलीकडं पळाल्या.

"कडू लागतंय तिला," उंबऱ्यात बसलेली सासू मान वर न करता म्हणाली. तिच्या हातातली सुरी चालूच होती. एक नारिंग, आडवा एकच घाव, दोन वाट्या. "हात धू म्हटलं होतं ना मघाशी?"

"धुतले, आई. दोनदा धुतले."

"पाण्यानं जातंय होय ते? तांदळाचं धुवण घे, चुलीतली राख घे. आणि कोपरापर्यंत चोळ, नुसती बोटं बुडवून येऊ नकोस. छातीवरही फडकं फिरव. कापताना पदरासारखी ओढतेस ती ओढणी घाम पुसायला, तिलाच सगळा रस लागलाय."

पोरीला सासूच्या मांडीवर टाकून रुइचू मोरीकडं गेली. पहाटेपासून तिनं चार टोपल्या कडू नारिंगं कापली होती. बोटांच्या भेगांत रस शिरून झोंबत होता आणि नखांभोवतीची कातडी काळी पडली होती. गान नदीच्या काठावरच्या शाथौ गावात या दिवसांत सगळ्यांचेच हात असे असतात. हिरवी असतानाच फळं उतरवायची, अर्धी कापायची, वाळवायची आणि औषधवाल्यांना द्यायची. पोट फुगलं, छाती भरून आली, की वैद्य लिहून देतात ते झिछ्याओ म्हणजे हेच. गावात मात्र ते नाव कुणी घेत नाही. गावात नुसतं 'वाट्या' म्हणतात.

राखेनं हात चोळताना तिचे डोळे मिटत होते. उभ्या उभ्या, धुवणाच्या बादलीवर वाकलेल्या अवस्थेत तिला क्षणभर डुलकी लागली, आणि त्या क्षणभरातही स्वप्न पडलं ते वाट्यांचंच.

ती परत आली तेव्हा अंगणात लुओ मावशी येऊन बसली होती. केस आखूड कापलेले, हातात प्लॅस्टिकचा पंखा. मावशी दर उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या डोंगग्वान शहरातून गावी यायची आणि जाताना गावातल्या पाच-सहा पोरींना तिकडच्या बुटांच्या कारखान्यात घेऊन जायची. यंदाच्या यादीत रुइचूचं नाव होतं. तसं छांगगेननं, म्हणजे रुइचूच्या नवऱ्यानं, गावच्या दुकानातल्या फोनवर आईला सांगूनच टाकलं होतं: वाट्या सुकल्या की रुइचूला लुओ मावशीबरोबर पाठव, पोर तुझ्याकडे ठेव. तो स्वतः तिकडंच होता, दुसऱ्या कारखान्यात. बायकांच्या वसतिगृहात एकेका खोलीत बारा जणी. तिथं पाळणा कुठं टांगणार?

"काय गं, अंगावरचं घेत नाही म्हणे पोर?" मावशी हसली. "बरंच झालं की! न्येवहिनी, तुमचं काम वाचलं. आपलं आपणच तुटतंय."

न्येवहिनी म्हणजे रुइचूची सासू. तिची नजर दाराशेजारच्या खिळ्याकडं गेली, आणि रुइचूचीही गेली. तिथं सुतळीनं बांधून एक न कापलेलं नारिंग टांगलं होतं. शाथौत पोर अंगावरून तोडायची रीत एकच. आजीनं आपल्या हातानं नारिंग कापायचं आणि ओली वाटी आईच्या छातीवर फिरवायची. तीन दिवस. चौथ्या दिवशी पोर स्वतःच तोंड लावत नाही. हे नारिंग सासूनं फळं उतरवायच्या पहिल्याच दिवशी बाजूला काढलं होतं. कशासाठी, ते कुणी विचारलं नव्हतं.

"हा गुरुवार नव्हे, त्याच्या पुढचा गुरुवार," मावशी उठत म्हणाली. "सकाळी सातला गाडी पुलाशी. मी स्वतः येईन न्यायला, नाहीतर तुम्हा आयांचं काही खरं नसतं, उंबऱ्यातच तासभर रडता. बसशील ना गं गाडीत?"

"वाट्या सुकल्या की येते, मावशी," रुइचू म्हणाली.

पोरीनं यावेळी तोंड लावलं. आधी एकदा तोंड वेडंवाकडं केलं, मग प्यायला लागली. रुइचू भिंतीला टेकली. पान्हा फुटताना खांद्यापर्यंत कळ जायची. वाट्या सुकायला किती दिवस लागतील याचा तिनं हिशेब करून पाहिला आणि मध्येच सोडून दिला, कारण कुठल्याही बाजूनं मोजलं तरी उत्तर त्या गुरुवारच्या आतच येत होतं.

*

वाट्या वाळवणं हे काम दिसायला सोपं. बांबूच्या तट्ट्यांवर ओळीनं मांडायच्या, गर आभाळाकडं. गर सुकून त्याला धूळ चिकटेनाशी झाली की पालथ्या घालायच्या आणि साल तापवायची. पण तोवर धूळ चालत नाही, कोंबडीचा पाय चालत नाही, पाण्याचा थेंब तर मुळीच नाही. एक सर पडली की पांढरा गर काळा पडतो आणि मग तो माल कुणी हातात धरत नाही. म्हणून दिवसभर एक डोळा आभाळावर. नदीपलीकडं ढग चढला की तट्टे गुंडाळत आत पळायचं, ढग गेला की पुन्हा मांडायचं. एका दिवसात तीन-तीनदा. पाठीवर पोर बांधलेली, ती ओणवं होताच जागी व्हायची.

दोन-तीन उन्हं खाल्ली की वाटीचा काठ बाहेरच्या बाजूला वळायला लागतो. जसा परातीचा काठ असतो, तसा. गावात म्हणतात, ओठ उलटले. ओठ नीट उलटलेली वाटी म्हणजे उन्हात वाळवलेली, अस्सल; भट्टीवर घाईनं भाजलेली वाटी ओठ मिटूनच राहते.

गावातल्या सगळ्या बायका आभाळाकडं बघून ऊन मागत होत्या. रुइचूही मागत होती. रोज दुपारी तट्ट्यांवर वाकून ती वळलेले काठ बघायची, आणि ते किती छान वळले आहेत हे पाहून नजर दुसरीकडं वळवायची. एके दिवशी ढग खरंच चढला तेव्हा ती पाच मोजेपर्यंत नुसतीच उभी राहिली. मग धावली. सगळं आत घेतलं. पाऊस काही आला नाही.

आणि तिला जायचंच नव्हतं असंही नाही. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. कधी दुपारी, पोरीला थोपटता थोपटता, तिला त्या बारा जणींच्या खोलीतला लोखंडी पलंग डोळ्यांसमोर दिसायचा. लग्नाआधी दोन वर्षं ती तिथं झोपली होती. सहा तास. सलग सहा तास, कुणी न उठवता. त्या पलंगाची तिला हाव सुटायची, आणि मग मांडीवरच्या पोरीच्या टाळूचा वास घेताना ती स्वतःलाच चोर वाटायची.

वाट्या सुकल्या की नाही हे सांगायचं ते सासूनं. एकट्या याच घरापुरतं नाही, अख्ख्या आळीसाठी. न्येवहिनी दोन वाट्या उचलायची, कानाशी नेऊन एकमेकींवर आपटायची. ओल असली तर आवाज 'थप्' येतो. अर्धवट सुकली तर 'टप्'. नीट सुकली की 'टक्क', दार वाजवल्यासारखा. शेजारणी ओच्यातून चार-चार वाट्या घेऊन यायच्या आणि लग्नाची तिथी विचारावी तशा तिच्या तोंडाकडं बघत उभ्या राहायच्या. ती एकदा वाजवायची आणि म्हणायची, "भर पोत्यात." किंवा, "अजून ओल आहे." त्यावर कुणी वाद घालत नसे.

*

गाडीच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, समोरच्या घरच्यांनी पोती शिवली. त्यांनी आणि रुइचूच्या घरानं एकाच दिवशी कापायला घेतलं होतं.

"आई, आपल्या बघता का?" रुइचूनं विचारलं.

सासूनं दोन वाट्या घेतल्या, वाजवल्या. टक्क. रुइचूला तिथवर स्पष्ट ऐकू आलं.

"अजून ओल आहे," सासू म्हणाली. "मांड परत."

बुधवारी सकाळी पुन्हा तेच. टक्क. "अजून ओल आहे."

रुइचूनं मागच्या पडवीत जाऊन एक वाटी दगडावर ठेवली आणि वरवंट्यानं फोडली. कडकन दोन तुकडे झाले. आत बोट फिरवलं, कोरडं ठणठणीत. तिनं स्वतः दोन वाट्या कानाशी नेऊन वाजवल्या, चार वेळा, पाच वेळा. मग तिथंच खाली बसली.

म्हणजे आईंचा कान गेला.

आणि मग त्यामागून दुसरा विचार आला. ज्या बाईला एवढा खणखणीत आवाज ऐकू येत नाही, तिला आतल्या खोलीतलं पोराचं रडणं कसं ऐकू येणार? चुनचुन घशातल्या घशात कुंथते, तापात तर नुसती कण्हते. हिच्या भरवशावर पोर टाकून मी हजार मैल जायचं?

दुपारी तिनं खात्री करून घ्यायचं ठरवलं. पोरीला आत निजवलं, दार ओढून घेतलं. सासू अंगणात पाठमोरी बसून मुळ्याची पानं खारवत होती. रुइचू तिच्या मागं दहा पावलांवर उभी राहिली आणि हळूच, जवळजवळ पुटपुटत म्हणाली, "आई."

सासूनं वळून पाहिलं नाही. पानं चोळत राहिली. रुइचूच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात सासूचे हात थांबले. "उठली बघ," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे? पोर. पाय झाडतेय. दुपटं सुटलं असेल."

रुइचूला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती आत गेली. चुनचुन जागी होती. रडत नव्हती, काही नाही. दुपटं लाथाडून छताकडं बघत पाय हलवत होती.

तिला उचलून रुइचू बाहेर आली आणि सासूसमोर जमिनीवर बसली.

"आई, तुम्हाला ऐकू येतं."

"न यायला काय झालं? मघाशी मागं उभं राहून 'आई' म्हणालीस तेही आलं. म्हटलं, बोलायचं असेल तर बोलेल पुढं येऊन."

"मग वाट्या? सुकल्यात त्या. काल सकाळीच सुकल्यात. मी फोडून बघितली."

"फोडलीस? चांगली वाटी वाया घालवलीस."

"आई!"

सासूनं पानं टोपलीत टाकली. मिठाचे हात मांडीवर पालथे ठेवले. मग ती कुंपणाच्या कडेला, जिथून बदकांच्या तळ्याकडं पायवाट जाते, तिकडं बघत राहिली. पायवाटेच्या तोंडाला बांबूचं फाटक लावलेलं होतं. रुइचू या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिथं होतं, आणि सासू येता-जाता त्याची कडी हातानं चाचपून बघायची.

"थोरल्याची दोन पोरं मी सांभाळली, माहितीये ना तुला," ती म्हणाली. "पाच वर्षं. आता त्यांच्या दुसऱ्या आजीकडं आहेत."

"हो. शाळेसाठी नेलं म्हणे."

"शाळेसाठी नाही. याच दिवसांत. मी वाट्या पालथ्या घालत होते. धाकटी तीन वर्षांची, इथंच खेळत होती, माझ्या पाठीशी. ढग आला म्हणून मी तट्टे गुंडाळले. चार तट्टे, रुइचू. फक्त चार. मागं वळले तर पोर नाही. पलीकडचा म्हातारा बदकं हाकत होता म्हणून. त्यानं केसाला धरून तळ्यातून बाहेर काढली. निळी पडली होती. वाचली. पण मी त्या दिवशी वाट्या आत घेतल्या होत्या आणि पोर बाहेर सोडली होती."

चुनचुननं सासूचं बोट धरलं आणि तोंडाकडं नेलं. सासूनं ते सोडवून घेतलं. "खारट आहे गं बाई," असं म्हणून तिनं ते आपल्या अंगाला पुसलं आणि पुन्हा तिच्या मुठीत दिलं.

"तेव्हापासून घरात पोर असलं की मला झोप नाही. तुला वाटतं तूच एकटी जागतेस? तू उठतेस त्याच्या आधी मी उठलेली असते, अंधारात बसून राहते. मी तीन वाढवले, दोन सांभाळले. आता माझ्यात जोर नाही राहिला, पोरी. हात थकले तर थकले, पण हे, इथलं," तिनं छातीवर मूठ टेकवली, "हे थकलंय."

"मग त्यांना सांगायचं ना. फोन आला तेव्हा."

"छांगगेनला? पोटच्या पोराला कसं सांगू, की तुझी मुलगी मला जड झाली? थोरल्याची सांभाळली, धाकट्याची नको, असंच होतं ना ते? 'हो' म्हटलं. फोन ठेवला. मग सुचेना. म्हटलं, वाट्यांनाच बोलू दे. अजून ओल आहे, अजून ओल आहे, असं करत गुरुवार निघून जाईल. या तोंडानं तीस वर्षांत एकाही वाटीबद्दल खोटं सांगितलं नव्हतं." ती ओशाळं हसली. "तेही पकडलंस तू. कान आहे हो तुला."

रुइचूला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. मग तो त्या पायवाटेच्या फाटकापाशी जाऊन विरला. आपल्याला त्या लोखंडी पलंगाची हाव सुटते, हे सांगायला तिनं तोंड उघडलं.

"मलापण झोप हवीये, आई," एवढंच ती म्हणाली.

"माहितीये," सासू म्हणाली. "आण तिला इकडं. पड जरा. तट्ट्यांवर मी बघते. पोरीला मांडीवरून खाली ठेवणार नाही, वाट्या भिजल्या तर भिजू देत."

रुइचू शेजारीच, पडवीच्या गार फरशीवर आडवी झाली. जागी झाली तेव्हा उन्हं कलली होती, सासू तशीच बसली होती, मांडीवर पोर, आणि पाय अवघडल्यानं तिचा चेहरा वेडावाकडा झाला होता.

*

गुरुवारी सकाळी सहाला लुओ मावशी आली. खांद्याला पिशवी, पायात नवे बूट.

"बोचकं कुठंय?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं. "चल चल, ड्रायव्हर थांबत नाही. पेज खाल्लीस का? नसेल तर वाटेत खा, माझ्याकडं उकडलेली अंडी आहेत."

रुइचू तट्टे मांडत होती. चुनचुन पाठीवर. रात्रभर ती बोलायचं काय ते जुळवत होती, नवऱ्याची माफी, मावशीचे उपकार, पुढच्या वर्षीचं वचन. आणि आता त्यातलं एक वाक्यही सापडेना.

"वाट्या सुकल्या नाहीत, मावशी," ती म्हणाली. "अजून ओल आहे."

"काय?"

"अजून ओल आहे."

मावशीनं पिशवी खाली ठेवली. तीही शाथौचीच लेक. तिनं वाकून तट्ट्यावरच्या दोन वाट्या उचलल्या, कानाशी नेल्या आणि आपटल्या.

टक्क.

मावशीनं वाट्या परत तट्ट्यावर ठेवल्या. कोंबडी खुराड्याखाली उकरत होती.

"मलापण कान आहेत, रुइचू," मावशी थंडपणे म्हणाली. "तुझ्यासाठी मी सुपरवायझरच्या किती पाया पडले माहितीये? तुझी जागा धरून ठेवलीय मी. आज बसली नाहीस तर पुलावर दुसरी उभी आहे, तिला घेऊन जाईन. पुढच्या साली माझं दार वाजवायचं नाही. कळतंय?"

"कळतंय."

"आणि नवरा काय म्हणेल?"

रुइचूनं पुढचा तट्टा उलगडला.

तेवढ्यात सासू उंबऱ्यातून उठली. तिनं दाराजवळच्या खिळ्यावरून ते टांगलेलं नारिंग काढलं, सुतळी सोडवली. इतक्या दिवसांत त्याची साल जराशी सुरकुतली होती. अंगणातच उकिडवं बसून तिनं सुरी आडवी घातली. कडू, ओला वास पसरला, आणि पाठीवरच्या पोरीनं झोपेतच नाक मुरडलं. सासूनं दोन्ही वाट्या नेऊन तट्ट्याच्या मधोमध ठेवल्या. गर आभाळाकडं.

"आता वाजव," ती म्हणाली.

मावशी त्या दोन ओल्या वाट्यांकडं बघत राहिली. ते नारिंग कशासाठी राखलेलं होतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या आईनं तिच्या मुलाला अंगावरून तोडायला असंच एक राखलं होतं. तो मुलगा आता सोळा वर्षांचा होता आणि मावशी गावी आली की तिच्याशी पाहुण्यासारखं बोलायचा. तिनं वाटी उचलली नाही.

"न्येवहिनी," ती शेवटी म्हणाली, "म्हातारपणी लबाडी शिकलात."

"तुझ्यासारख्या पोरींना गाडीत बसवून बसवून शिकले."

"बरं." मावशीनं पिशवी उचलली. दोन अंडी काढून पायरीवर ठेवली. "ओलं तर ओलं. छांगगेनला मी काही सांगणार नाही. ज्याचं त्यानं सांगावं."

"मी सांगेन," सासू म्हणाली. "फोनवर मीच बोलेन. सांगेन की मला जमत नाही."

"आज सांगाल का, आई?" मावशी गेल्यावर रुइचूनं विचारलं.

"आज. दुकान उघडलं की. तू शेजारी उभी राहा. मी 'हो हो' करायला लागले तर चिमटा काढ."

"चिडतील ते."

"चिडेल. ओरडेल. मग दोन दिवसांनी पुन्हा फोन करेल आणि विचारेल, पोर कशी आहे." सासू गुडघ्यावर हात टेकून उठली. "आणि मग आपल्याला काहीतरी बघावं लागेल, दोघींना. बसून चालणार नाही."

काय बघायचं, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

सात वाजता पुलाकडून गाडीचा भोंगा वाजला, एकदा, मग पुन्हा लांबलचक. रुइचू अंगणाच्या मध्यात उभी होती. भोंगा थांबेपर्यंत ती पुलाकडं बघत होती. आणि मग नदीपलीकडून गार वारा आला.

"ढग!" सासू ओरडली. "बघतेस काय? सुकलेला माल आहे, भर!"

सासूनं पोरीला रुइचूच्या पाठीवरून सोडवून आपल्या कडेवर घेतलं आणि ती पडवीत जाऊन बसली, उठली नाही. रुइचू एकटीच धावली. तट्ट्यामागून तट्टा, पोत्यात वाट्या ओतताना दार वाजवल्यासारखा आवाज, टक्क टक्क टक्क. शेवटी त्या दोन ओल्या वाट्या राहिल्या. त्या तिनं वेगळ्या उचलल्या, तळहातावर धरून आत आणल्या आणि चुलीशेजारच्या फळीवर ठेवल्या.

पहिले थेंब अंगणात पडले तेव्हा ती पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती, हात न धुताच. चुनचुननं छातीशी तोंड नेलं, कडू वास येताच मान मागं टाकली, कपाळाला आठ्या घातल्या.

"राख आणू का?" सासूनं विचारलं.

"थांबा जरा."

पोरीनं एकदा आईकडं बघितलं. मग वेडंवाकडं तोंड करत पुन्हा लागली, आणि पीत राहिली.